घातक कचऱ्याचे सरकारी राखणदार

कारखान्याच्या फाटकातून कच्चा माल आत जातो आणि पक्का माल बाहेर पडतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. याच फाटकातून आणखी एक वस्तू बाहेर पडत असते; तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. औषधनिर्मितीनंतर तळाशी उरलेला चिकट अवशेष, रंगाच्या कारखान्यातील गाळ, वापरून झालेली सॉल्व्हंट, धातूंना मुलामा देणाऱ्या टाक्यांमधले सायनाइडयुक्त पाणी, जुने यंत्रतेल आणि रसायनांची रिकामी पिंपे ही त्या वस्तूची काही रूपे होत. तयार मालाची राखण मालक स्वतःच करतो, कारण माल हरवला तर त्याचे नुकसान होते. घातक कचऱ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो वाटेत 'हरवला' तर मालकाचा खर्च वाचतो आणि नुकसान तिसऱ्याच कोणाचे तरी होते. म्हणूनच या कचऱ्याला शासकीय राखणदार लागतो. घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनातील तज्ज्ञ अधिकारी हा तो राखणदार होय. त्याचे काम कसे चालते, त्याच्या हाती कोणते अधिकार असतात आणि या सेवेत येण्याचा मार्ग कोणता, याचा हा परिचय.

कोणता कचरा 'घातक'?

प्रत्येक दुर्गंधीयुक्त किंवा ओंगळ वस्तू कायद्याच्या दृष्टीने घातक नसते. ज्वलनशीलता, क्षरणकारकता, अभिक्रियाशीलता आणि विषारीपणा हे घातक कचऱ्याचे मुख्य गुणधर्म मानले जातात. देशात सध्या २०१६ चे घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम लागू आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत ३८ औद्योगिक प्रक्रियांची यादी असून त्यांतून निघणारा नमूद कचरा घातक समजला जातो. दुसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांसारख्या घटकांच्या प्रमाणाच्या मर्यादा दिल्या आहेत.

एखाद्या गाळात शिसे आहे, एवढ्याने निर्णय होत नाही. ते शिसे पाण्यात किती उतरते, हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी नमुना सौम्य आम्लयुक्त द्रावणात सुमारे १८ तास घुसळतात आणि द्रावणात उतरलेल्या विषारी घटकांचे मापन करतात. जमिनीत पुरलेल्या कचऱ्यावर वर्षानुवर्षे पाणी झिरपल्यास काय होईल, याची ही प्रयोगशाळेतील छोटी प्रतिकृती म्हणता येईल.

रुग्णालयांतील जैववैद्यकीय कचरा, घरगुती घनकचरा, बॅटऱ्या व ई-कचरा यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. किरणोत्सारी पदार्थ तर अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतात. मात्र भंगाराच्या बाजारात कायद्यांच्या या सीमारेषा कोणाला दिसत नाहीत. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरी येथे एका विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातून कोबाल्ट-६० बाहेर पडले. भंगार कामगारांना किरणोत्साराची बाधा झाली आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. त्या वेळी अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांनी दुकानादुकानांतून किरणोत्सारी तुकडे शोधून काढले. कचरा कोणत्या कायद्याखाली येतो, हे वेळेवर ओळखणे म्हणूनच या क्षेत्रातील पहिले कौशल्य ठरते.

कायद्याची वाटचाल

भारतात या विषयाचा कायदा शोकांतिकेतून जन्माला आला. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरदरम्यानच्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम तयार झाले. त्याच वर्षी घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा बाझल करार झाला. भारताने १९९२ मध्ये त्यास मान्यता दिली.

नियम झाले तरी अंमलबजावणी रखडली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यासंबंधी जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने १९९७ मध्ये प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये सविस्तर आदेश दिले. आज राज्यांमध्ये दिसणारी सामायिक विल्हेवाट केंद्रे आणि कचऱ्याच्या नोंदी ठेवण्याची पद्धत यांना या आदेशांमुळे गती मिळाली. नियमांत २००८ व २०१६ मध्ये मोठे फेरबदल झाले. कचरा निर्माणच होऊ न देणे, झाल्यास कमी करणे, पुनर्वापर, पुनर्चक्रण, त्यातून ऊर्जा वा द्रव्य मिळवणे आणि शेवटी सुरक्षित विल्हेवाट, असा प्राधान्यक्रम २०१६ च्या नियमांनी घालून दिला आहे.

अधिकारी असतो कोठे?

'घातक कचरा विल्हेवाट तज्ज्ञ' अशा नावाची पाटी सरकारी कचेरीत क्वचितच आढळते. हे काम निरनिराळ्या पदांवर विखुरलेले आहे. त्याचा मुख्य भार राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांवर असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. केंद्रीय मंडळ त्यानंतर १९७४ मध्ये अस्तित्वात आले. राज्य मंडळात क्षेत्र अधिकारी, उपप्रादेशिक अधिकारी व प्रादेशिक अधिकारी अशी प्रत्यक्ष कार्यक्षेत्रातील उतरंड आहे. तिला प्रयोगशाळांतील वैज्ञानिक अधिकाऱ्यांची जोड मिळते. मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापे येथे आहे.

याखेरीज कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, बंदरांवर सीमाशुल्क विभाग आणि आपत्तीच्या वेळी अग्निशमन दल व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांचाही या कामाशी संबंध येतो. राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात असून रासायनिक दुर्घटना हाताळणे हा या दलाच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. मात्र गळती थांबवून जवान परत गेल्यावर मागे उरलेली दूषित माती, वाळू आणि पाणी पुन्हा मंडळाच्या अधिकाऱ्याच्याच पदरी येते.

महाराष्ट्राची या कामातील निकड वेगळी सांगायला नको. तळोजा, तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, बुटीबोरी ही नावे नुसती उच्चारली तरी राज्याचा रासायनिक नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. देशात सर्वाधिक घातक कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांत गुजरातबरोबर महाराष्ट्राची गणना होते.

पाहणी आणि नमुना

या अधिकाऱ्याच्या कामाची सुरुवात कागदावर होते. घातक कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला मंडळाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. कोणत्या प्रकारचा किती कचरा निघेल आणि तो कोठे जाईल, याचा त्यात उल्लेख असतो. साधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ कचरा आवारात साठवता येत नाही. ठरावीक परिस्थितीत मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दर वर्षी ३० जूनपर्यंत आदल्या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र सादर करणे बंधनकारक आहे.

अनुभवी अधिकारी या आकड्यांची सांगड उत्पादनाशी घालतो. अमुक टन रसायन तयार झाले तर तमुक टन अवशेष निघायलाच हवा, हे रसायनशास्त्राचे साधे गणित आहे. उत्पादन दुप्पट झाले आणि कचरा मात्र तेवढाच राहिला, तर दोनच शक्यता उरतात. एक तर कारखान्याने तंत्रज्ञान सुधारलेले असते, नाही तर उरलेला कचरा दुसऱ्या वाटेने गेलेला असतो. कोणती शक्यता खरी, हे शोधण्यासाठी पाहणी करावी लागते. पिंपांवरील चिठ्ठ्या, गोदामाची फरशी, कुंपणामागची माती, पावसाळी पाण्याचे गटार या जागा पाहण्याची सवय अधिकाऱ्याला जडवून घ्यावी लागते.

संशय आल्यास नमुना घेतला जातो. हा नमुना पुढे न्यायालयात टिकायचा असेल तर तो कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच घ्यावा लागतो. पृथक्करणाच्या हेतूची नोटीस देणे, कारखान्याच्या प्रतिनिधीसमक्ष नमुना घेणे, बाटली मोहोरबंद करून तिच्यावर दोघांच्याही सह्या घेणे आणि ती विनाविलंब मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवणे, अशी ती पद्धत आहे. यातील एक सही राहून गेली तरी बाटलीतले विष पुरावा म्हणून निरुपयोगी ठरू शकते. पर्यावरणाचे ज्ञान आणि कायद्याची शिस्त यांपैकी एकावर भागत नाही, ते असे.

सात रंगांचा कागद

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे 'मॅनिफेस्ट' नावाचा वाहतूक-दस्तऐवज. कचऱ्याने भरलेली गाडी कारखान्यातून निघताना त्याच्या सात प्रती केल्या जातात. पांढरी प्रत पाठवणारा कारखाना मंडळाकडे देतो. पिवळी प्रत वाहतूकदाराच्या सहीनिशी कारखान्याकडेच राहते. कचरा पोचल्यावर गुलाबी प्रत विल्हेवाट केंद्र ठेवून घेते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाकडे जाते आणि निळी मूळ कारखान्याकडे परतते. कारखाना दुसऱ्या राज्यात असेल तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाकडे जाते.

वरवर पाहता ही निव्वळ कारकुनी वाटते. तिच्यामागचा विचार मात्र सरळ आहे. पांढरी प्रत सांगते की गाडी निघाली. हिरवी सांगते की गाडी पोचली. पांढरी आली आणि हिरवी आलीच नाही, तर ती गाडी कोठे रिकामी झाली, हे शोधण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर येते. आता संगणकीय नोंदी आणि वाहनांचा उपग्रहाद्वारे माग यांची भर पडली असली, तरी दोन टोकांच्या नोंदी जुळवण्याचे मूळ तत्त्व तेच आहे.

ही साखळी तुटली की काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे वालधुनी नदीच्या प्रवाहात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि परिसरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाच्या त्रासामुळे उपचार घ्यावे लागले. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत पहाटे एका टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात असताना पसरलेल्या विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. तो कचरा तळोजा येथील एका कारखान्यातून आल्याचे पोलीस तपासात पुढे आले. दोन राज्यांच्या मंडळांना जोडणाऱ्या करड्या प्रतीचे महत्त्व या घटनेवरून ध्यानी यावे. चोरट्या टँकरबरोबर अर्थातच कोणतीच प्रत नसते. म्हणूनच न आलेल्या कागदाचा शोध घेणे हे आलेले कागद तपासण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

जाळणे, पुरणे आणि उरणे

कचरा केंद्रावर पोचला म्हणजे त्याची विल्हेवाट लागली, असे होत नाही. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत. ती खासगी कंपन्या वा उद्योगांच्या संस्था चालवतात. त्यांच्यावर देखरेख मंडळाची असते. येथे आलेल्या प्रत्येक गाडीचा नमुना तपासून त्या कचऱ्याची वाट ठरते.

सेंद्रिय आणि ज्वलनशील कचरा भट्टीत जातो. पहिल्या कक्षात तापमान सुमारे ८५० अंश सेल्सियस, तर दुसऱ्या कक्षात किमान ११०० अंश राखावे लागते आणि तेथे वायूंना किमान दोन सेकंद थांबवावे लागते. तापमान घसरले किंवा धूर हळूहळू निवला तर डायॉक्सिन व फ्युरान ही अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात. त्यांची मर्यादा दर घनमीटर धुरात ०.१ नॅनोग्रॅम विषतुल्य इतकी सूक्ष्म आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. यावरून देखरेखीचे काम किती काटेकोर असावे लागते, हे दिसून येईल. काही प्रकारचा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये इंधनाला पर्याय म्हणून वापरला जातो. तेथील अतिउच्च तापमानात विषारी संयुगे नष्ट होतात व कोळशाचीही बचत होते.

धातूयुक्त गाळ मात्र जाळून संपत नाही. शिसे जळत नाही. ते फक्त जागा बदलते. अशा गाळात चुना, सिमेंट, राख आदी मिसळून तो घट्ट केला जातो आणि सुरक्षित भरावात पुरला जातो. या भरावाच्या तळाशी दाबलेली चिकणमाती आणि उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे पडदे यांचे दुहेरी अस्तर असते. त्यांच्यामधून झिरपणारे पाणी नळ्यांद्वारे गोळा करून त्यावर प्रक्रिया केली जाते. भोवती निरीक्षण-विहिरी असतात. भराव पूर्ण भरून बंद झाल्यानंतरही ३० वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. आज सेवेत आलेला तरुण अधिकारी निवृत्त होईल, तेव्हाही त्याच्या सहीने पुरलेला कचरा निरीक्षणाखालीच असेल.

भोपाळचा धडा

राखणदार नसला किंवा त्याला निर्णय घेता आला नाही, तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा भोपाळचेच आहे. वायुगळतीनंतर कारखाना बंद पडला. कंपनीची मालकी बदलली आणि १९९८ मध्ये कारखान्याची जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. तिच्यासोबत तेथे पडलेला कचराही सरकारच्या ताब्यात आला. २००५ च्या सुमारास आवारातील विखुरलेला कचरा गोळा करून बंदिस्त ठेवण्यात आला. त्यात दूषित माती, रिअॅक्टरमधील अवशेष, सेव्हिन या कीटकनाशकाचे व नॅफ्थॉलचे अवशेष आणि अर्धवट प्रक्रिया झालेली रसायने होती.

पुढची दोन दशके हा कचरा कोठे न्यावा, यावर वाद चालला. गुजरातमधील अंकलेश्वरचे नाव पुढे आले आणि मागे पडले. २०११ मध्ये नागपूरजवळील बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रातून विरोध झाला. कचरा जर्मनीला पाठवण्याची योजनाही २०१२ मध्ये बारगळली. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे १० टन कचऱ्याची चाचणी झाली. त्यानंतरही काम थांबलेच. अखेर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी कडक आदेश दिल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंदिस्त कंटेनरमधून सुमारे ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवण्यात आला. तेथेही तीव्र आंदोलन झाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासाला १३५, १८० व २७० किलो अशा वेगवेगळ्या गतीने तीन चाचण्या झाल्या आणि धुराच्या मोजमापानंतर उरलेला कचरा ५ मे ते जूनअखेर या काळात जाळण्यात आला.

चाळीस वर्षे पडून राहिलेले काम प्रत्यक्षात काही महिन्यांत उरकले. विलंबाचे कारण भट्टीच्या तंत्रज्ञानात नव्हते. 'आमच्या दारात नको' हा लोकांचा आक्षेप आणि सरकारी मोजमापावरील अविश्वास ही खरी अडचण होती. तो अविश्वास निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्यांनी एकदा विषारी वायू अनुभवला वा त्याविषयी ऐकले, त्यांनी 'सर्व काही सुरक्षित आहे' या आश्वासनावर सहज विसंबावे, अशी अपेक्षा धरणेच अवाजवी आहे. चाचणीचे आकडे वेळेवर, सोप्या भाषेत आणि जाहीरपणे मांडणे हेही अधिकाऱ्याचे काम आहे, हा धडा पिथमपूरने दिला.

प्रश्न तेथेही संपलेला नाही. जाळताना चुना आदी पदार्थ मिसळल्याने उरलेल्या राखेचे व अवशेषांचे वजन मूळ कचऱ्यापेक्षाही वाढले आणि ती राख कोठे ठेवावी, हा वाद न्यायालयापुढे गेला. शिवाय नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या २०१० च्या अहवालाने भोपाळच्या आवारात व परिसरात सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज वर्तवला होता. त्या मातीच्या तुलनेत ३३७ टन हा अंशमात्रच होय.

बंदरावरची पहारेदारी

घातक कचरा समुद्रमार्गेही येतो आणि येताना तो दुसरेच नाव धारण करतो. न्हावाशेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली आयात झालेले १३३ कंटेनर प्रत्यक्षात टाकाऊ तेलाचे निघाले. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. अॅस्बेस्टॉसयुक्त 'क्लेमेन्सू' ही फ्रेंच नौका गुजरातमधील अलंग येथे तोडण्यासाठी निघाली असता वाद पेटला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने ती माघारी बोलावली. सध्याच्या नियमांनुसार बेकायदा आयात झालेला कचरा आयातदाराने स्वखर्चाने ९० दिवसांत परत पाठवायचा असतो. त्यासाठी तो कचरा आहे, हे बंदरावरच ओळखले जावे लागते. जहाजाच्या कागदपत्रांवरील नाव आणि पिंपातील द्रव्य यांतील फरक सीमाशुल्क अधिकारी व मंडळाचे वैज्ञानिक मिळून ठरवतात.

जोखीम आणि खबरदारी

या सेवेतील शारीरिक धोका काल्पनिक नाही. सल्फाइडयुक्त कचऱ्यात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कुजक्या अंड्यांसारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, परंतु प्रमाण वाढताच घ्राणशक्ती बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असा घातक गैरसमज होतो. सायनाइडचा आम्लाशी संपर्क आल्यास हायड्रोजन सायनाइड तयार होतो. म्हणून चिठ्ठी नसलेले पिंप अंदाजाने उघडायचे नाही, बंदिस्त टाकीत वायुमापन केल्याशिवाय उतरायचे नाही आणि वाऱ्याची दिशा पाहूनच घटनास्थळी जायचे, हे नियम प्रशिक्षणात पुनःपुन्हा बिंबवले जातात. कापडी मुखपट्टी धुळीपासून काहीसे संरक्षण देते. विषारी वायूपुढे ती कुचकामी असते. तेथे पाठीवर हवेची टाकी असलेले श्वसनयंत्र आणि रसायनरोधक पोशाखच हवा.

दुसरा धोका दबावाचा आहे. कारखाना बंद करण्याच्या आदेशामागे शेकडो कामगारांचा रोजगार असतो. तो न काढल्यास आसपासच्या विहिरींचे पाणी पणाला लागते. दंडाची चौकटही बदलली आहे. पर्यावरण अधिनियमाच्या उल्लंघनासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जनविश्वास कायद्यातील दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२४ पासून, तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला आहे. अशा स्थितीत वेळच्या वेळी केलेली पाहणी आणि निर्दोष नमुना यांचे मोल आणखी वाढते.

शिक्षण आणि प्रवेश

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी रासायनिक, पर्यावरण वा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, किंवा रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांतील पदव्युत्तर शिक्षण हा मुख्य मार्ग आहे. मुंबईची आयआयटी, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची 'नीरी' ही या विषयातील महाराष्ट्रातील महत्त्वाची केंद्रे होत. केंद्रीय व राज्य मंडळे वैज्ञानिक आणि तांत्रिक पदांसाठी वेळोवेळी जाहिरात देऊन स्पर्धात्मक परीक्षा घेतात. पात्रतेच्या अटी प्रत्येक जाहिरातीत बारकाईने पाहाव्यात. नियमांचे वाचन, मराठीतून स्पष्ट अहवाललेखन आणि ग्रामस्थ, कामगार, वकील यांच्याशी संयमाने बोलण्याची तयारी यांना पदवीइतकेच महत्त्व आहे.

मनुष्यबळाची टंचाई ही या यंत्रणेची जुनी दुखणी. देशभरातील राज्य मंडळे व समित्यांमधील जवळजवळ निम्मी मंजूर पदे रिक्त असल्याचे २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादासमोर आले. कामाची व्याप्ती मात्र वाढतेच आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य मंडळाने तपासणी करायची, दूषितीकरणास जबाबदार कोण हे ठरवायचे आणि शुद्धीकरणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, अशी त्यांची रूपरेषा आहे. देशात अशी १०३ स्थळे निश्चित झालेली असताना त्यांपैकी मोजक्याच ठिकाणी प्रत्यक्ष शुद्धीकरण सुरू झाले होते.

कारखाने उघडतात, विकले जातात, बंद पडतात. त्यांनी मागे ठेवलेले द्रव्य तेथेच राहते. मालक बदलले, कंपनीची पाटी उतरली, तरी त्या मातीचा हिशेब कोणीतरी ठेवावाच लागतो. तो हिशेब ठेवणारी खुर्ची रिकामी राहणे शहरांना परवडणारे नाही. हिरवी प्रत न परतलेल्या एखाद्या गाडीची चौकशी त्याच दिवशी झाली, तर एखादी वालधुनी वाचते; ती न झाल्यास त्याचे मोल नाल्याकाठच्या वस्तीला चुकवावे लागते.